हिरव्या दारामागे

ता. १४ जून

वहिनी,

पोचले. नमस्कार-आशीर्वाद काय असतील ते तुझे तू समजून घे, मला कामाचं लिहायचं आहे. आणि फोन करू नकोस. फोनवर तू मधे मधे बोलतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावंच लागतं, म्हणून पत्र.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की हातभर अंतरावर समोरच्या इमारतीची भिंत, भिंतीवर पाइप, पाइपला गळती. पाहण्यासारखं एवढंच, म्हणून मी तेच पाहते. घरमालकीण खाली राहते आणि माझी पावलं ऐकते. काल विचारत होती, तुम्ही खोलीत एकट्याच बोलता का. मी म्हटलं, हो, अक्कल असलेलं माणूस शोधायला गेले की माझ्यापाशीच येऊन थांबते.

लॅबमध्ये सहा टेबलं. आपल्या गावातली बंद झाली तिथे तीनच होती, पण तिथे काम तरी दिसत होतं. माझं टेबल बेसिनशेजारी. सकाळी मेणात दात बसवायचे, दुपारी हिरड्यांचा गुलाबी मसाला भरून शिजवायचा, संध्याकाळी कवळ्या घासून चकचकीत करायच्या. मुख्य कारागीर तिशीचा, पहिल्या दिवशी मला 'आजी' म्हणाला. मी त्याच्या हातातली कवळी घेतली आणि डावा सुळा उजवीकडे बसवलाय हे दाखवलं. आता 'मॅडम' म्हणतो.

आता खेळाचं. लायब्ररीच्या फळ्यावर चिठ्ठी होती, 'रोल-प्लेइंगसाठी एक जण हवा, अनुभव असल्यास उत्तम.' अनुभव! चौदा वर्षं मी आपल्या टेबलावर गोष्ट सांगते आहे. घरमालकिणीने विचारलं तेव्हा तिलाही समजावलं होतं, की एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि डाव जमला की फसला ते फासा ठरवतो. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे लहान मुलांचं." तिला सोडून दे.

तर मी गेले. एका ऑफिसची जेवणाची खोली, चार कंप्युटरवाले, प्रत्येकाच्या पुढ्यात पडदा. फासेसुद्धा मोबाइलमध्ये! बोट लावायचं, आकडा येतो. मी आपले वीस बाजूंचे गुलाबी फासे काढले, कवळीच्या उरलेल्या मसाल्याचे, तर त्यातल्या एकाने ते रुमालाने पुसून हातात घेतले. त्यांच्यातला एक शूरवीर किल्ल्याच्या भिंतीवरून उडी मारतो. बरं, मारली. मग किती उंचीवरून, अंगात चिलखत होतं का, खाली चिखल होता की दगड, यावर चौघांचा वाद. घड्याळ लावून सांगते, चाळीस मिनिटं. शेवटी मी म्हटलं, "अहो, तो माणूस अजून हवेतच आहे." कुणी हसलं नाही. हसायला लागतं ते यांच्या मशीनमध्ये बसवायचं राहिलं असावं.

आपल्याकडे मी चौदा वर्षं एकच प्रश्न विचारत आले, 'काय करतोस?', 'काय करतेस?'. त्यावर सगळा खेळ उभा आहे. या बथ्थडांनी तो दोन तासांत एकदाही विचारला नाही. मी उठून आले.

एक लक्षात ठेव. मी निघाले तेव्हा तुम्ही चौघं हिरव्या दारासमोर उभे होतात. सात कड्यांचं हिरवं दार. त्याला हात लावायचा नाही. गोष्टीची वही माझ्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली माझ्या गळ्यात. दोन वर्षांची नोकरी संपली की मी येईन, तेव्हा दार मी उघडेन. तू दोरवाली म्हणून ठीक खेळतेस, पण गोष्ट सांगायला घसा लागतो आणि डोकंही. तोपर्यंत रविवारी पत्ते खेळा.

धाकट्याला सांग, स्वेटर पेटीच्या तळाशी आहे. त्याला सापडणार नाही, तूच काढून दे.

वन्सं


ता. २ जुलै

वन्सं,

पत्र मिळालं, आणि पूर्ण वाचेपर्यंत मधे एकदाही बोलले नाही. हवं तर तुमच्या बंधुराजांना विचारा. त्यांनी दोनदा वाचलं, 'अजून हवेतच आहे' ला दोन्ही वेळा तेवढेच हसले आणि स्वेटर कुठेय म्हणून मला विचारलं.

रविवारी सगळे येतात. पोस्टमास्तर वेळेच्या आधी दहा मिनिटं येऊन पायऱ्यांवर बसतात आणि शिंपीणबाई अर्धा तास उशिरा. चहा होतो, पत्ते होतात, घरी जातात. तुमची खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. त्यावर मांजर बसतं आणि कुणाकडेही त्याच तुच्छतेने बघतं, त्यामुळे फारसा फरक जाणवत नाही.

एक विचारू? दारामागे नेमकं काय आहे ते नका सांगू, पण माणूस आहे की वस्तू? पोस्टमास्तरांचा जीव टांगणीला लागलाय. साठ वर्षांचा माणूस, निवृत्त होईपर्यंत कधी कुणाचं पाकीट उघडलं नाही, आणि आता एका दारासाठी तडफडतो. आमच्या खेळात ते चोर आहेत हे मी अधूनमधून विसरते.

आणि दुसरं. त्या कंप्युटरवाल्यांकडून तुम्ही उठून आलात, की त्यांनी उठवलं? रागावू नका. मी तुमची भावजय आहे, संशय घेणं माझं कामच आहे.

दोरवाली


ता. १० ऑगस्ट

वहिनी,

उठवणारे जन्माला यायचेत. पोस्टमास्तरांना सांग, माणूस की वस्तू हे दार उघडल्यावर कळेल. त्यांनी चाळीस वर्षं लोकांना थांबायला लावलं, आता स्वतः थांबून बघावं.

दोन टेबलं आणखी पाहिली. पहिलं एका कुटुंबाचं. नवराबायको, बायकोचा भाऊ, भावाची सासू. सगळ्यांना आपापली पात्रं होती, सरदार, वैद्य, सावकार वगैरे. मी उशिरा आलेली म्हणून मला काय दिलं असेल? घोडा. खोटं सांगत नाही. सांगणारा गृहस्थ म्हणाला, "पुढच्या वेळी माणूस देऊ, आज घोडा सांभाळा." अडीच तास मी सासूबाईंना पाठीवर घेऊन हिंडले. नदी आली तेव्हा मी म्हटलं, घोडा पाण्यात उतरत नाही, पाणी खोल आहे. तर सासूबाई म्हणतात, "घोडा बोलत नसतो." मी निघताना त्यांना एवढंच सांगितलं, की घोड्याला जेवढी अक्कल दिली होती तेवढी बाकीच्यांत वाटली असती तर बरं झालं असतं.

दुसरं टेबल नाटकवाल्यांचं. एका चहाच्या दुकानाचा वरचा मजला, खाली गाद्या. खेळ सुरू होण्याआधी डोळे मिटून श्वास घ्यायचा. मी कशी बसले असेन विचार कर, हे गुडघे आणि त्या गाद्या. मग प्रत्येकाने रडायचं. कुणाचं गाव जळालं म्हणून, कुणाचा बाप हरवला म्हणून. फासा कुणी टाकतच नाही, टाकला तरी आकड्याकडे बघत नाही, हुंदका देतात. सांगणारी पंचविशीतली मुलगी, दर वाक्याला 'तुम्हाला आत काय वाटतं?' मी म्हटलं, आत सकाळची भाजी आहे, पुढे काय होतं ते सांग. शिवाय ती 'धनुष्य सोडलं' म्हणत होती. बाण सोडतात बाई, धनुष्य सोडलं तर खाली पडतं. हे मी तिला तीनदा सांगितलं, चारचौघांत, स्पष्ट आवाजात, म्हणजे लक्षात राहावं.

पुढच्या वेळी कळवतो म्हणाले होते. अजून कळवलेलं नाही. असल्या लोकांना निरोपसुद्धा नीट पोचवता येत नाही.

शहर एवढं मोठं आणि माणसं अशी. रविवारी दुपारी मी फासे घासते. सगळ्यांच्या कडा एकदम छान झाल्या आहेत.

वन्सं


ता. ५ सप्टेंबर

वन्सं,

घाईत लिहितेय, शिंपीणबाईंच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं आहे, काळजीचं काही नाही.

घोड्याचं वाचून आम्ही सगळे पोट धरून हसलो. मग हे म्हणाले, "ताईला घोडा दिला?" आणि उठून आत गेले. त्यांना तुमच्याविषयी काही बोललेलं चालत नाही, हे तुम्हाला माहीत नाही, कारण ते तुमच्यासमोर कधी बोलतच नाहीत.

बाकी इथे ठीक. यांचं सध्या नवीनच खूळ आहे. डाव्या हाताने जेवतात, खेळातल्या आपल्या सरदाराच्या हाताची सवय व्हावी म्हणून. अर्धं ताटाबाहेर.

त्या नाटकवाल्या मुलीला तीनदा सांगितलंत ते वाचलं. एकदा पुरलं असतं असं मला वाटतं. असो.

दोरवाली


ता. १२ सप्टेंबर

वहिनी,

सरदार उजव्या हाताचा आहे. मी जूनमध्ये निघाले तेव्हा त्याला दोन हात होते आणि दोन्ही धड होते.

त्याचा उजवा हात कधी गेला, कुठे गेला आणि कुणाच्या परवानगीने गेला, उलट टपाली कळव. पत्ते खेळताना हात जात नाही, एवढं मलाही कळतं.


ता. ३० सप्टेंबर

वन्सं,

सापडले. चोर पोस्टमास्तर आणि पकडले गेले मी.

उगाच रडगाणं गात नाही. दार उघडलं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी. गोष्ट मी सांगते. वही नव्हती म्हणून पहिल्या दिवशी माझी दातखीळ बसली होती, शिंपीणबाईंनी पाठीवर थाप मारली तेव्हा पहिलं वाक्य बाहेर पडलं. तुमच्यापासून लपवलं याची मला लाज वाटते. खेळलो याची वाटत नाही.

तुम्ही रागाने हे पत्र खाली ठेवाल, मग पुन्हा उचलाल, म्हणून उचलल्यावर वाचायचं ते आता लिहिते. चौदा वर्षं तुम्ही आम्हाला 'काय करतेस?' विचारलंत. आणि आमचं उत्तर पुरं व्हायच्या आत वहीत बघितलंत. आठवतो तो दोराचा पूल? तुम्ही विचारलंत, काय करतेस? मी म्हटलं, दोर कापत नाही, पलीकडे अजून माणसं आहेत. तुम्ही म्हणालात, "कापतेस. कापावाच लागतो, त्याशिवाय पुढचं होत नाही." आणि मी कापला, वन्सं. पलीकडची माणसं कोण होती ते मला आजपर्यंत माहीत नाही. मला त्यांचं वाईट वाटतं, गोष्टीतली असली तरी. तुम्ही त्या नाटकवाल्या मुलीला हसता, तिने निदान विचारलं तरी.

तुमचं सगळं बरोबर असतं. बाणच सोडतात. पण तुमच्या बरोबर असण्याला आम्ही चौदा वर्षं चहा करून पाजला, आता थोडं चुकून बघतो.

दारामागे काय होतं ते ऐका. सात कड्या बाहेरून नव्हत्याच, आतून होत्या; चोराने फटीतून तार घालून एकेक काढली. आत एक म्हातारी. खुर्चीत ताठ बसलेली, कमरेला सतरा किल्ल्या, मांडीवर वही. तोंडात एक दात नाही, पण हिरड्यांनी चावते. जो आत जाईल त्याला म्हणते, "चुकलास. बाहेर जा, पुन्हा ये." पोस्टमास्तर पाच वेळा बाहेर जाऊन पुन्हा आत आले. सरदाराने किल्ल्यांना हात लावला तर तिने मनगटाचा असा लचका तोडला की हात कायमचा लुळा.

मी कुणाला डोळ्यांसमोर ठेवून सांगत होते ते मी लिहायला नको. माझ्या मनात होतं की सगळ्यांनी मिळून तिला मारावी आणि मोकळं व्हावं. एवढी दुष्ट मी आहे.

मग यांनी फासा टाकला. वीस. तुम्हाला माहीत आहे वीस म्हणजे काय, एका घावात संपली असती. मी विचारलं, काय करता? आणि तुमचे बंधुराज म्हणाले, "मारत नाही." मी म्हटलं, अहो वीस पडलेत. ते फाशाकडे बघत म्हणाले, "तिला दात नाहीत. मग ती जेवते काय?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी सांगणारी, माझ्याकडेही नव्हतं. शेवटी दार पुन्हा ओढून घेतलं. तेव्हापासून गोष्ट पुढे कुठेही गेली तरी दर रविवारी कुणीतरी एक जण आधी त्या दारापाशी जातो आणि पातळ काहीतरी वाटीत ठेवून येतो. वाटी रिकामी होते. दार उघडत नाही.

आता काय शिव्या घालायच्या त्या घाला.

दोरवाली


ता. २० नोव्हेंबर

वन्सं,

सात आठवडे झाले. तुम्ही आहात ना? लॅबमध्ये फोन केला होता, 'मॅडम कामावर आहेत, फोनवर येत नाहीत' असं कुणीतरी सांगितलं. म्हणजे तब्येत बरी आहे.

मी लिहिलं ते मागे घेत नाही. पण हे रोज ऑफिसातून आल्यावर चपला न काढता आधी पत्राच्या पेटीत हात घालतात. डावा हात. ते बघवत नाही, म्हणून लिहिलं.


ता. ९ जानेवारी

वहिनी,

तुझं सप्टेंबरचं पत्र मी खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. हे तुला कसं कळलं ते मला माहीत नाही आणि आवडलंही नाही.

आधी तुझ्या जुलैच्या प्रश्नाचं उत्तर. मी उठून आले नाही. कंप्युटरवाल्यांनी दुसऱ्या आठवड्यात लायब्ररीत नवी चिठ्ठी लावली, तीच, फक्त 'अनुभव असल्यास उत्तम' खोडून. घोडावाल्यांनी खेळाचा दिवस बदलला आणि मला कळवलं नाही. तो बंद दरवाजा बघायला मी दोनदा गेले होते. नाटकवाल्यांच्या त्या मुलीने मात्र समोर येऊन सांगितलं, चहाच्या दुकानाच्या जिन्यात. म्हणाली, "काकू, आम्हाला खेळायचं आहे, परीक्षा द्यायची नाही." मी तिला म्हटलं, तुला दोन्ही जमणार नाही. आणि जिना उतरले. खाली येईपर्यंत पायऱ्या दिसत नव्हत्या. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते आहे, तेही पत्रात, कारण इथे तुला मधे बोलता येत नाही.

मला इथे फार एकटं वाटतं. लिहून टाकलं, पुन्हा विचारू नकोस.

तुझं पत्र आल्यावर मी ट्रंक उघडून वही काढली. चौदा वर्षांची वही, मला वाटत होतं काय सोनं आहे. हिरव्या दारामागे मी काय लिहिलं होतं सांगू? खजिना. सात कड्या, तिथवर पोचायला चार महिने, पोस्टमास्तरांची तडफड, आणि आत खजिना! शी. दहा वर्षांच्या पोरालाही आधी कळलं असतं. तुझी म्हातारी दुष्टपणाने केलेली असली तरी शंभर पटीने चांगली आहे, हे मान्य करताना मी दातओठ खाते आहे. दोराच्या पुलाचं पानही काढलं. पलीकडच्या माणसांविषयी काही लिहिलेलं नाही. मी त्यांचा विचारच केला नव्हता.

आता पुढचं ऐक. आमच्या लॅबमधून तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायला एक माणूस येतो, चाळिशीचा, हेल्मेट न काढता बोलणारा. त्याने माझ्या टेबलावर प्लास्टरच्या वाटीत फासे पाहिले. म्हणाला, "वीस बाजूंचा? रविवारी दुपारी या, इस्त्रीच्या दुकानात." मी सरळ नाही म्हटलं. एकदा तोंड पोळलेलं पुरे. तर तो दर दोन दिवसांनी कवळ्या न्यायला आला की दारातूनच, "रविवारी, मॅडम." ऑक्टोबरच्या शेवटी मी गेले, एवढ्यासाठीच की त्याने बडबड थांबवावी.

दुकान म्हणजे एक गाळा, अर्धा लोकांच्या कपड्यांनी भरलेला. इस्त्रीचं टेबल हेच खेळाचं टेबल, वर जळक्या डागांची चादर. सांगणारी म्हणजे इस्त्रीवाली स्वतः. माझ्याहून थोडी लहान, दंड पैलवानासारखे, आवाज त्याहून मोठा. खेळणारे तीन, हा कवळ्या पोचवणारा, आगीच्या गाडीवरचा एक पाणबंबवाला आणि एक शाळेतली संगीताच्या तासाची बाई. वही नाही, कागद नाही. गोष्ट सांगता सांगता शर्टाची कॉलर दाबते. व्याकरणाचा तर खून. 'राजा आला आणि सैन्य पण आली.' मी जीभ चावून बसले होते, अगदी खरोखर, तिथे जखम आहे.

तर मी बसले, चहा आला, इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या असं मला वाटलं. कुठल्याशा लढाईहून परतलेली छावणी, थंडी, जखमी माणसं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही? काय करता?"

मला वाटलं नोकरीचं विचारते आहे. नवीन माणसाला विचारतातच. मी म्हटलं, "दात बनवते."

खेळ कधीच सुरू झाला होता, वहिनी! चौदा वर्षं मी जो प्रश्न विचारला तो मला पहिल्यांदा कुणी विचारला, आणि मला तो ओळखू आला नाही.

मी खुलासा करणार होते. पण कुणी हसलं नाही. इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाचे?"

आणि थांबली. ती थांबते, हे तिचं एक आहे. वाफ निघत असते, गिऱ्हाईक दारात ताटकळत असतं, पण उत्तर येईपर्यंत ती पुढे सरकत नाही. मी काय म्हणणार तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "लढाईत ज्यांचे पडले त्यांचे." पाणबंबवाला, तो त्या छावणीतला सेनापती, दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "मग माझ्यापासून सुरू करा. मला हुकूम देता येत नाही, शब्द निसटतात." तेव्हापासून दर रविवारी मी त्या छावणीत कवळ्या बनवते. फासा टाकून. परवा फाशावर नुसता एक पडला आणि सेनापतीची कवळी भर सभेत समोरच्या ताटात जाऊन आदळली. सगळे दात काढून हसत होते. मीसुद्धा, हे पोस्टमास्तरांना सांगू नकोस.

गैरसमज नको. माणसं यथातथाच आहेत. संगीताची बाई प्रत्येक गोष्टीला 'किती छान' म्हणते, प्रेतालासुद्धा. कवळ्या पोचवणारा खेळातही हेल्मेट काढत नाही. आणि 'सैन्य पण आली' मी अजून दुरुस्त केलेलं नाही. दहा रविवार झाले. कुणी पदक देत नाही याचं.

आता कामाचं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला चार दिवस सुट्टी आहे, त्यात रविवार येतो. मी येते आहे. वही आणणार नाही, घरमालकिणीला वजन म्हणून दिली आहे, तिचं दार वाऱ्याने आपटतं. माझी खुर्ची मांजराकडेच राहू दे, मला स्टूल चालेल. गोष्ट तूच सांगायची. चुकशील तिथे मी तोंड उघडणार नाही, निदान पहिला तासभर.

आणि मी कोण ते आत्ताच सांगते. मी कवळीवाली. खांद्याला पेटी, पेटीत मेण, प्लास्टर, गुलाबी मसाला आणि दातांचे बत्तीस जोड. मी छावणीतून चालत तुमच्या गावात आले आहे, कारण तुमच्या सरदाराने विचारलं की ती जेवते काय, आणि तुमच्यापैकी एकाही शहाण्याला उत्तर सुचलं नाही. सहा महिने वाटीत पातळ ओतत बसलात. त्या बाईला दात हवेत, एवढं कळायला लॅबमध्ये काम करावं लागत नाही.

मी हिरव्या दाराशी येते. वाटी बाजूला सारते. दारावर थाप मारते आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "मारायला आलेलं नाही कुणी. माप घ्यायला आले आहे. आ करा."

धाकट्याला म्हणावं, उजव्या हाताने जेव.

तुझी
वन्सं


ता. १६ जानेवारी

वन्सं,

पत्र यांना वाचायला दिलं. अर्ध्यात आत निघून गेले, अजून आतच आहेत. पोस्टमास्तर आत्तापासून पायऱ्यांवर बसले आहेत.

सातही कड्या आतून निघाल्या. दार उघडलं आहे. म्हातारी खुर्चीतच आहे, ओठ गच्च मिटून, तुमच्या पेटीकडे बघतेय. आ करत नाही.

तुम्ही काय करता?